सुट्ट्यांची यादी



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पायंडा पाडला, तेव्हापासून उन्हाळा आला की विद्वानांनी बोलावे आणि लोकांनी ऐकावे असा महाराष्ट्रात रिवाज पडला आहे. त्या परंपरेतल्या या व्यासपीठावर चालकांनी यंदा एका कामगार कार्यकर्त्याला उभे केले, याबद्दल त्यांचे आभार मानावे की त्यांची कीव करावी, हे तासाभराने ठरेल. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत झाले. पुढचे जे काही झाले ते पाळी संपल्यावर सार्वजनिक वाचनालयात. तेव्हा शिक्षणाविषयी बोलण्याचा आमचा अधिकार एवढाच, की ते आम्हांला पुरेसे मिळाले नाही. आणखी एक. आम्ही बोलताना ‘आम्ही’ म्हणतो, ते मोठेपणाने नव्हे. तीस वर्षे संघटनेत घालवलेल्या माणसाला ‘मी’ हा शब्द जड जातो.

विषय असा आहे, की प्राथमिक शाळेतल्या मुलांना जगातल्या निरनिराळ्या धर्मांची माहिती द्यावी काय, आणि द्यावी तर कशी. धर्मग्रंथ आम्ही थोडेफार चाळले आहेत, पण त्यांचा अभ्यास केला असे म्हणवत नाही. आमचा या विषयाशी संबंध आला तो एका अगदी रुक्ष कागदामुळे. तो कागद म्हणजे पगारी सुट्ट्यांची यादी.

आपल्या राज्यात दुकाने व आस्थापनांसाठी २०१७ साली जो कायदा झाला, त्यात कामगाराला वर्षाला आठ पगारी सुट्ट्या आहेत. त्यांपैकी चार कायद्याने ठरवून दिल्या : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक आणि कामगार यांनी आपसांत ठरवायच्या. कारखान्यांतूनही सणांच्या सुट्ट्या बहुधा कराराने ठरतात. आता चार दिवस आणि माणसे दहा पंथांची. दिवाळी घ्यावी तर किती दिवस? ईद घ्यावी तर रमजानची की बकरी? नाताळ? बुद्धपौर्णिमा? पर्युषण? गुरू नानकांची जयंती? ही यादी करायला बसले म्हणजे कामगारांच्या सभेत जे ऐकू येते, त्यावरून शाळेने आपल्या माणसांना काय शिकवले आणि काय शिकवायचे राहून गेले, ते चांगले कळते.

प्रथम आमचीच फजिती सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी एका लहान कारखान्यात आम्ही अशी यादी केली. भिंतीवरचे कॅलेंडर काढले, रमजान ईदची छापील तारीख उतरवली, मालकाची सही घेतली आणि काम फत्ते झाले असे समजून चहा घेतला. ईदच्या आदल्या संध्याकाळी चंद्र दिसला नाही. ईद एक दिवस पुढे गेली. मालक म्हणाला, यादी म्हणजे यादी. छापलेल्या तारखेची सुट्टी झाली, आणि दुसऱ्या दिवशी नमाजाला गेलेल्या सात कामगारांचा रोज बुडाला. त्यांत एक वेल्डर होता. त्याच्या घरी आठ वर्षे आम्ही शीरखुर्मा खाल्लेला. तो रागावला नाही. एवढेच म्हणाला, “भाऊ, चंद्राला नोटीस द्यायची राहिली वाटतं.” सगळे हसले, आम्हीही हसलो. पण त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. आठ वर्षे ज्या घरचे गोड खाल्ले, त्या घरचा सण चंद्र पाहून ठरतो एवढेही आम्ही कधी विचारले नव्हते. मनात द्वेष नव्हता, आकस नव्हता. नुसते अज्ञान होते, आणि त्या अज्ञानापायी सात घरांचा एकेका दिवसाचा पगार गेला. पुढल्या वर्षी यादीत दोन शब्द वाढवले : ‘चंद्रदर्शनानुसार बदल’.

हे आमचे, चाळिशीकडे झुकलेल्या माणसाचे अज्ञान. लहान मुलांचे कसे असते तेही पाहिले. आमच्या वस्तीजवळच्या एका शाळेतल्या बाईंनी एकदा आम्हांला तिसरीच्या वर्गात बोलावले. मुलांना कामगारांविषयी काही सांगा, म्हणाल्या. आम्ही फळ्यावर सुट्ट्यांची यादी लिहिली आणि विचारले, यातली कुठली सुट्टी कशाची? मुले भराभर सांगू लागली. मोहरमशी आलो तेव्हा एक चुणचुणीत मुलगा म्हणाला, “तो त्यांचा सण.” त्यांचा म्हणजे कोणाचा, हे त्याला सांगता येईना. ज्यांचा, त्यांच्यातला एक मुलगा तिसऱ्या बाकावर मान खाली घालून बसला होता. आणखी एका मुलीने गुड फ्रायडेला ‘शुभेच्छा’ द्यायच्या असतात असे सांगितले. तिची चूक नाही. ती शुभेच्छापत्रे मोठी माणसेही पाठवतात. मोहरमची सुट्टी ही करबलाच्या रणात इसवी सन ६८० मध्ये इमाम हुसेन मारले गेले त्याच्या स्मरणाची, आणि गुड फ्रायडे हा येशूला क्रुसावर चढवले तो दिवस. सुट्टीच्या यादीत काही दिवस आनंदाचे असतात, काही दुःखाचे. शेजाऱ्याच्या घरी सुतक असताना पेढे घेऊन जाऊ नये, हे आपण मुलांना शिकवतोच की नाही? तेवढेच शिकवायचे आहे, अधिक काही नाही.

बंधुभगिनींनो, तो ‘त्यांचा’ हा शब्द आमच्या मनात फार काळ राहिला. आठ वर्षांच्या मुलाच्या तोंडी तो आपोआप आलेला नाही. धर्माचे शिक्षण शाळेत देऊ नये असे आपण म्हणतो. पण ते मुलाला मिळायचे थांबत नाही. ते गल्लीत मिळते, शिवीतून मिळते, निवडणुकीच्या भोंग्यातून मिळते, आणि आता प्रत्येकाच्या हातात असलेल्या फोनमधून मिळते. या मुंबईत १८९३ च्या ऑगस्टमध्ये हिंदू-मुसलमानांचा दंगा झाला, त्यात गिरणगावचे कामगारही ओढले गेले. त्यानंतर शंभर वर्षांनी, डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये, तेच पुन्हा झाले. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात त्या दोन महिन्यांतल्या मृतांची संख्या ९०० दिली आहे. तेव्हा आम्ही विशीत होतो. एकाच यंत्रावर दिवसपाळी आणि रातपाळी करणारी माणसे एकमेकांच्या गल्लीत जायला भीत होती. एकमेकांच्या पगाराचा आकडा त्यांना पाठ होता. एकमेकांच्या घरात काय मानतात, कशाची प्रार्थना करतात, हे ठाऊक नव्हते. जे ठाऊक नसते त्याविषयी काहीही सांगितले तरी खरे वाटते. माहिती असती तर दंगा झाला नसता, असा दावा आम्ही करीत नाही. दंग्यामागे जागेचे, धंद्याचे, सत्तेचे हिशेब असतात. पण अफवेला जी मोकळी जमीन लागते ती थोडी कमी झाली असती, एवढे आम्हांला निश्चित वाटते.

आता मुलांना शिकवायचे म्हणजे काय? कोणी म्हणतील, पहिली-चौथीच्या मुलांपुढे तत्त्वज्ञान मांडणार की काय? नाही. आम्ही म्हणतो, सुट्टीच्या यादीपासून सुरुवात करा. आणि तिच्याही आधी रविवारपासून.

रविवारची सुट्टी मुलांना जन्मापासून असते, म्हणून ती आकाशातून पडली असे त्यांना वाटते. मोठ्यांनाही वाटते. मुंबईच्या गिरण्यांत ती नव्हती. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून तिच्यासाठी झगडा मांडला, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ती मान्य केली. रविवारच का? साहेबाच्या चर्चचा वार म्हणून मागितला काय? तर रविवार हा आपल्या खंडोबाचा वार, असे लोखंडे यांनी मांडल्याचे सांगतात. एकच वार, एकाचा प्रार्थनामंदिराचा आणि दुसऱ्याचा जेजुरीचा. आता कोकणात चला. अलिबागच्या बाजूच्या गावांतून बेने इस्राएल लोक पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवीत. मराठी बोलत, मराठी आडनावे लावीत. पण शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून गावाने त्यांना नाव दिले शनिवार तेली. यहुदी धर्माचा शब्बाथ म्हणजे काय, हे चौथीतल्या मुलाला समजावण्यासाठी जेरुसलेमला जायला नको. बंद घाण्यापाशी नेले की पुरे. शुक्रवारी दुपारी जुम्म्याची नमाज असते हे त्याने पाहिलेलेच असते. आठवड्याच्या तीन वारांत जगातले तीन मोठे धर्म आले आणि खंडोबाही आला. आणि आठवड्यातून एक दिवस हात थांबवावे, ही माणसाची केवढी जुनी गरज आहे, हेही कळले. तो आमच्या कामगार चळवळीचा धडा. तो फुकटात शिकवून होईल.

मग कॅलेंडर घ्या. हा गणिताचा तास समजा. चंद्राचे बारा महिने मिळून सुमारे ३५४ दिवस होतात. सूर्याचे वर्ष ३६५ दिवसांचे. दरवर्षी अकरा दिवसांचा फरक पडतो. तीन वर्षांत तेहतीस. आपल्या पंचांगाने काय केले? साधारण तीन वर्षांनी एक अधिक महिना घातला, आणि दिवाळी थंडीच्या तोंडाशीच ठेवली. यहुद्यांनीही हेच केले. एकोणीस वर्षांत ते सात वेळा महिना वाढवतात. मुसलमानांनी महिना वाढवला नाही. म्हणून ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते आणि सुमारे तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येते. भट्टीपुढे उभ्या राहणाऱ्या मुसलमान कामगाराला रोजे कधी डिसेंबरात येतात, कधी मे महिन्याच्या उन्हात, हे त्या वजाबाकीतून मुलाला समजते. पारशांच्या जुन्या गणनेत वर्ष बरोबर ३६५ दिवसांचे. लीप वर्षाचा जादा दिवस नाही. म्हणून त्यांचे नवे वर्ष हळूहळू सरकत ऑगस्टात आले आहे. ख्रिस्ती लोकांचा नाताळ सूर्याच्या तारखेवर पक्का. पण ईस्टर मात्र वसंतातल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी. बुद्धपौर्णिमा वैशाखात, नानकांची जयंती कार्तिकात, दोन्ही पौर्णिमेलाच. एकच चंद्र, एकच सूर्य, हिशेब निराळे. यात कोणाचा हिशेब चुकीचा आणि कोणाचा बरोबर, असा प्रश्न मुलांच्या मनात येतच नाही. मोठ्यांच्या मनात येतो.

तिसरी पायरी भेटीची. ज्या गावात जे आहे ते दाखवा. नांदेडला गुरुद्वारा आहे. गुरू गोविंदसिंगांचे निधन १७०८ साली तिथे झाले. तिथल्या लंगरच्या पंक्तीत मुलांना बसवा, आणि जेवताना सांगा की आपल्या नामदेवांची पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत. वसईला चर्च आहे, पुण्यात यहुद्यांचे लाल देऊळ आहे, नागपूरला १९५६ च्या १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली ती भूमी आहे. काहीच नसेल तिथे वर्गातल्या एखाद्या मुलाची आजी आहे. तिला खुर्ची द्या आणि विचारा, आजी, तुमच्या घरी मूल जन्मले की काय करता? आम्ही अनेक विद्वानांची भाषणे ऐकली. आजीइतके नेमके कोणी बोलत नाही.

आक्षेप येतील, आणि ते यायला हवेत. पहिला आमच्याच मित्रांचा. आमच्या चळवळीत देव न मानणारे पुष्कळ आहेत. ते म्हणतात, घटनेच्या २८ व्या कलमाने सरकारी पैशावर पूर्णपणे चालणाऱ्या शाळेत धर्माचे शिक्षण देता येत नाही. तुम्ही मागच्या दाराने भटजी आणि मौलवी आत आणता. त्यांची भीती खोटी नाही. पण धर्म शिकवणे आणि धर्मांविषयी शिकवणे, हा भेद १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने स्पष्ट केला होता, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २००२ साली अरुणा रॉय यांच्या खटल्यात निरनिराळ्या धर्मांची माहिती देण्याला २८ व्या कलमाची आडकाठी नाही असे म्हटले. शिवाय, देव न मानणाऱ्या घरातले मूलही वर्गात असते. त्याच्या घरी काय मानतात तेही त्याच आदराने सांगितले गेले पाहिजे.

दुसरा आक्षेप श्रद्धावान आईबापांचा. आधी आपला धर्म कळू दे, मग दुसऱ्याचा. नाहीतर पोर बिघडेल. यांना आम्ही महात्मा फुल्यांकडे नेतो. त्यांचा ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ हा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १८९१ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी एक कुटुंब कल्पिले आहे : बाई बौद्ध, तिचा नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, आणि सगळे एका घरात प्रेमाने नांदतात. एका घरात जे शक्य आहे असे जोतीरावांना वाटले, ते आपल्याला एका वर्गातही अशक्य वाटावे काय? साने गुरुजी तर शिक्षकच होते, आणि आईच्या मायेने हिंदू संस्कार सांगणाऱ्या त्याच लेखणीने त्यांनी इस्लामी संस्कृतीवरही लिहिले. त्यामुळे ते बिघडले असे आम्ही ऐकले नाही.

तिसरा आक्षेप अवघड आहे. नुसते गोडगोड सांगायचे काय? एखाद्या मुलाने विचारले, गुरुजी, आमच्या आजोबांना देवळात का येऊ देत नव्हते? तर काय सांगायचे? खरे सांगायचे. महाडला १९२७ साली पाण्यासाठी आणि नाशिकला १९३० साली काळाराम मंदिरासाठी सत्याग्रह करावा लागला, हे मुलाच्या वयाला झेपेल अशा शब्दांत सांगायचे. प्रत्येक धर्माने माणसाला धीर दिला आहे आणि प्रत्येक धर्माच्या नावावर माणसाला छळलेही गेले आहे. पहिले लपवले तर मूल उद्धट होईल. दुसरे लपवले तर ते आपल्याला खोटारडे म्हणेल, आणि योग्यच म्हणेल.

चौथा आक्षेप शिक्षकांचा आहे, आणि तिथे आम्ही शिक्षकांच्या बाजूने उभे आहोत. निवडणुकीचे काम, जनगणनेचे काम, दुपारच्या जेवणाचा हिशेब, आणि वर हे? उद्या एखाद्या पालकाने वाक्याचा विपर्यास करून तक्रार केली, तर बाईंच्या पाठीशी कोण? हा प्रश्न सोडवल्याशिवाय बाकीचे सगळे बोलणे फोल आहे.

याचे उत्तर शोधताना आम्हांला इंग्लंडातली एक पद्धत वाचायला मिळाली. तिथे १९४४ च्या शिक्षण कायद्याने शाळेत धर्मशिक्षण सक्तीचे केले. पण अभ्यासक्रम लंडनहून आला नाही. प्रत्येक भागात एक परिषद बसते. तिच्यात चार समित्या : इंग्लंडच्या अधिकृत चर्चची, इतर पंथांची, स्थानिक शिक्षण मंडळाची, आणि चौथी शिक्षकांच्या संघटनांची. चारही समित्यांचे एकमत झाल्याशिवाय अभ्यासक्रम ठरत नाही. आणि ज्या पालकाला नको असेल त्याला मुलाला त्या तासातून काढून घेण्याची मुभा. हे वाचून आम्ही टेबलावर हात मारला. हा तर आमचा करार! सगळे पक्ष समोरासमोर, आणि सही सर्वांची.

त्यातले बर्मिंगहॅमचे उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे. ते कारखान्यांचे शहर. युद्धानंतर तिथल्या ओतशाळांत आणि बसगाड्यांवर काम करायला पंजाबातून, मीरपुरातून, जमैकातून माणसे गेली. शेजारच्या वुल्व्हरहॅम्प्टन गावी शीख बसकामगारांना पगडी घालून काम करू द्यावे की नाही, यावर १९६७ पासून १९६९ पर्यंत भांडण चालले. शेवटी पगडी राहिली. अशा मुलुखात नुसते बायबल शिकवून भागेना. १९७५ साली बर्मिंगहॅमने नवा अभ्यासक्रम केला. त्यात हिंदू, मुसलमान, शीख, यहुदी हे सगळे घेतले. इतकेच नव्हे, तर धर्म न मानता जगण्याच्या वाटा म्हणून मानवतावाद आणि साम्यवादही घेतला. साम्यवादावरून केवढा गहजब झाला! आमच्या मित्रांना हे सांगितले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच या विषयात गोडी दिसली. सांगायचे तात्पर्य, ती गरज ग्रंथालयात जन्मली नाही. बसडेपोत आणि कारखान्याच्या दारात जन्मली.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. एकेका तालुक्यात असे एक टेबल मांडावे. त्यावर निरनिराळ्या पंथांची माणसे, धर्म न मानणारा एखादा, पालक, आणि शिक्षकांच्या संघटनेचा माणूस बसावा. तिसरी-चौथीच्या मुलांना वर्षात दहा तास काय सांगायचे ते लिहून काढावे आणि खाली सर्वांनी सह्या कराव्यात. ज्या धर्माविषयी मजकूर असेल, त्या धर्माच्या माणसाने तो वाचून ‘होय, आम्ही असेच करतो’ असे म्हटले पाहिजे. कुठल्याही मुलाला प्रार्थना करायला लावू नये, कुठल्याही मुलाला आपल्या धर्माचा वकील म्हणून उभे करू नये, आणि परीक्षा घेऊ नये. मग उद्या कोणी बाईंच्या अंगावर धावून आला, तर त्या कागद दाखवतील : ही पहा तुमच्याच माणसाची सही. सहीचा कागद गरिबाला किती आधार देतो, हे आम्ही आयुष्यभर पाहिले आहे.

यातून सगळी भांडणे मिटतील असे नाही. कराराने मालक-मजुराचे भांडण कुठे मिटले? पण भांडण कशावर आहे ते कळते, आणि उगाच डोकी फुटत नाहीत.

तो वेल्डर आता निवृत्त झाला आहे. त्याची नात यंदा पहिलीत जाईल. तिच्या वर्गातल्या फळ्यावर कोणी तरी सुट्ट्यांची यादी लिहील. मोहरमशी आल्यावर कोणी “तो त्यांचा” म्हणू नये. “तो हिच्या घरचा” म्हणावे, आणि कशाचा ते सांगताही यावे, एवढीच आमची मागणी आहे. मागणी लहान आहे. पण लहान मागण्यांसाठी किती वर्षे लागतात हे रविवारच्या सुट्टीने आम्हांला शिकवले आहे. म्हणून आजपासूनच लागावे.